पुतण्याची पहिली रायफल

गेल्या वर्षीं आमच्या पुतण्याचें इंग्लंडहून पत्र आलें. तो सरे परगण्यांत वोकिंग येथें नोकरीनिमित्त राहतो. बिस्लेचें प्रसिद्ध मैदान तेथून अगदीं जवळ. तेव्हां लांब पल्ल्याच्या लक्ष्यवेधाचा नाद त्याला लागला यांत नवल नाहीं. तीनशें विंचेस्टर मॅग्नम जातीची रायफल आणि पन्नास पट मोठें दाखविणारी दुर्बीण घेण्याचें ठरत आलें आहे, काकांनीं संमति द्यावी, असें त्यानें लिहिलें होतें. आम्हीं स्वतः त्याच भागांत नऊ वर्षें काढलीं व तेथील एका क्लबाचे सभासद होतों, म्हणून हा प्रश्न आम्हांस. इकडे पत्र मोठ्यानें वाचलें गेलें तेव्हां वहिनींनीं हातांतलें सूप खालीं ठेविलें व एवढेंच विचारलें, "पांच वर्षांचें पोर घरांत आहे, आणि हा बंदूक आणणार?"

उत्तर लिहावयास आम्हांस चार दिवस लागले. हल्लीं ज्याचें एकहि मूल परदेशीं नाहीं असें घर विरळा. म्हणून त्या उत्तरांतील बराच भाग येथें देत आहों.

वहिनींचा प्रश्न आम्हीं आधीं घेतला, रायफलीचा मागाहून. इंग्लंडांत दुकानांत जाऊन रायफल उचलून आणतां येत नाहीं. १९६८ च्या कायद्यान्वयें पोलिसांचा परवाना लागतो व तो मागण्यास सबळ कारण दाखवावें लागतें. सरकारमान्य क्लबांत निदान तीन महिने उमेदवारी करावी, मग पूर्ण सभासदत्व. त्यापुढें अर्ज, डॉक्टरकडे चौकशी, आणि कपाट पक्कें आहे कीं नाहीं हें पाहण्यास पोलिसांचा माणूस घरीं. किती काडतुसें जवळ बाळगावयाचीं तो आंकडाहि परवान्यावर लिहिलेला असतो. कपाटाची किल्ली परवानेदाराखेरीज कोणाच्याहि हातीं लागतां कामा नये, बायकोच्याहि नाहीं. यावर आम्हीं आमच्या पदरचें एवढेंच जोडलें, कीं रायफलीचा बोल्ट काढून निराळ्या कुलपांत ठेवावा, काडतुसें तिसऱ्या. आणि सूनबाईची मनापासून संमति नसेल तर पत्राचा पुढील भाग वाचूंच नये.

या खेळाला त्या देशांत सभ्य गृहस्थांच्या छंदाची प्रतिष्ठा आहे. तेथील राष्ट्रीय रायफल संघ १८५९ सालीं निघाला. पुढल्या वर्षीं विंबल्डनच्या माळावर पहिला मेळा भरला, तेव्हां पहिली गोळी व्हिक्टोरिया राणीनें झाडली. रायफल ठाणावर जखडलेली होती व राणीनें दोरी ओढली, हा भाग निराळा. १८९० पासून मेळा बिस्ले येथें भरूं लागला. १९३० सालीं तेथील राजपारितोषिक मार्जरी फॉस्टर या बाईंनीं जिंकलें. तें जिंकणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री. हें वाक्य आम्हीं सूनबाईसाठीं मुद्दाम घातलें.

आतां रायफल. आमचा पहिला सल्ला पुतण्यास मुळींच रुचला नाहीं: एक वर्ष पॉइंट २२ वर काढावें. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत २०१० सालीं म्युनिक येथें ५० मीटरच्या प्रोन प्रकारांत जगज्जेत्या झाल्या, त्याच जिल्ह्याच्या स्वप्नील कुसाळे यांनीं २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविलें, तें सर्व याच जातीच्या रायफलीनें आणि दुर्बिणीवाचून; त्या प्रकारांत बारीक छिद्रांतून पाहूनच नेम धरावा लागतो. पॉइंट २२ ची गोळी हलकी व मंद. १०० यार्डांवर ती वाऱ्यानें अशी सरकते, कीं वारा वाचण्याची संवय आपोआप लागते. काडतूसहि स्वस्त, त्यामुळें सराव पोटभर होतो.

त्यानंतरची रायफल मॅग्नम नसावी. तिचा धक्का असा, कीं नवशिक्याचा डोळा चाप ओढण्यापूर्वींच मिटूं लागतो, आणि ही खोड एकदां जडली कीं जातां जात नाहीं. शिवाय तिची नळी हजार-दीड हजार गोळ्यांत अचूकपणा गमावूं लागते. १९५२ सालीं निघालेल्या ३०८ विंचेस्टरची नळी चार-पांच हजार गोळ्या सहज झेलते. अलीकडील साडेसहा क्रीडमूर वाऱ्याला कमी बधते व धक्काहि कमी देते हें खरें. पण दोपायी टेकूवर ठेवून झाडण्याच्या ज्या स्पर्धांत फक्त २२३ व ३०८ चालतात, त्यांत तिला प्रवेश नाहीं. आम्ही ३०८ च्या बाजूचे. कारखाना कोणता याची फार चर्चा नको: फिनलंडची टिक्का, जपानची होवा, अमेरिकेची रेमिंग्टन ७००, यांपैकीं कोणतीहि नवशिक्याच्या हातापेक्षां सरसच असते. नळी जाड असावी, दस्ता गालाच्या उंचीप्रमाणें कमीजास्त करतां यावा, एवढें पुरे.

दुर्बिणीच्या बाबतींत मात्र आम्ही पोळलेलों आहों. आमची पहिली दुर्बीण आम्हीं स्वस्त घेतली, आणि ती ५० पट मोठें दाखवीत असे म्हणून मित्रांस मिरवून दाखविली. पुढें १००० यार्डांवर एका शनिवारीं अकरा गोळ्या झाडल्या. एकहि लक्ष्याच्या फळीला लागली नाहीं. तीन महिने आम्हीं रायफलीला दोष दिला, काडतुसें बदललीं, खांदा बदलून पाहिला. शेवटीं एका म्हाताऱ्या सभासदानें आपली दुर्बीण चढवून दिली आणि दुसरीच गोळी लागली.

याचें कारण गणितानें समजतें. पंचांग पाहणाऱ्या घरांत अंश-कला-विकला सांगावयास नकोत. एक कला म्हणजे १०० यार्डांवर सुमारें एक इंच, १००० यार्डांवर साडेदहा इंच. १०० यार्डांवर जुळविलेल्या ३०८ ची गोळी १००० यार्डांवर सुमारें ३० फूट खालीं उतरते, म्हणजे कांहीं ३४ कला. एवढें दुर्बिणीची वरची फिरकी फिरवून भरून काढावयाचें. दुर्बीण एकूण ६० कलांची असेल तर मध्यापासून वर फक्त ३० मिळतात. मग ३४ कोठून आणावयाच्या? म्हणून तिच्याखालीं २० कलांचा उतार दिलेली पट्टी बसवितात. आणि फिरकी ३४ कला वर नेऊन परत आणली तर ती होती तेथेंच आली पाहिजे. आमची येत नव्हती.

विकत घेतल्यावर पहिल्याच दिवशीं पुढील परीक्षा करावी. १०० यार्डांवर एकाच ठिपक्यावर नेम ठेवून एक गोळी झाडावी. मग फिरकी २० कला वर, मग २० उजवीकडे, मग २० खालीं, मग २० डावीकडे, आणि दर वेळीं नेम त्याच ठिपक्यावर. कागदावर चौकोन उमटतो. पांचवी गोळी पहिल्या भोकापाशींच पडली नाहीं तर दुर्बीण परत करावी. दुकानदार कितीहि गोड बोलो.

पन्नास पटींचा मोह सोडावा. उन्हाच्या दिवशीं १००० यार्डांवर मृगजळहि तितक्याच पटींनीं मोठें होतें, आणि लक्ष्य उकळत्या पाण्यांत ठेवल्यासारखें नाचतें. वीस-पंचवीस पट पुष्कळ. डोळा जरा हलवितांच फुली लक्ष्यावरून सरकूं नये म्हणून अंतराप्रमाणें जुळविण्याची निराळी फिरकी असावी. फुलीवरील खुणा आणि फिरकीचें माप एकाच पद्धतीचें असावें. रायफलीइतकाच पैसा दुर्बिणीस लागला तर वाईट वाटूं देऊं नये. ती ज्या कड्यांत बसते त्यांत काटकसर करणारे आम्हीं पाहिले आहेत. तो पैसा वांचत नाहीं.

वाऱ्याविषयीं दुर्बिणींत कांहीं सोय नाहीं. ताशीं दहा मैलांचा आडवा वारा १००० यार्डांवर गोळीला सात-आठ फूट बाजूला सारतो. गुरुत्वाकर्षण रोज तेंच असतें, वारा मात्र दोन श्वासांमध्यें बदलतो. तो निशाणांवरून, गवतावरून आणि त्याच मृगजळाच्या वाहण्यावरून ओळखावयाचा.

पुतण्या महिनाभर गप्प होता. मग कळलें, कीं तो क्लबांत उमेदवारी करीत असून क्लबाचीच पॉइंट २२ वापरतो. परवाना यंदाच्या वसंतांत आला. पोलिसांच्या बाईंनीं सूनबाईशींहि अर्धा तास बोलणें केलें, कपाट हलवून पाहिलें. परवां दूरध्वनीवर वहिनींनीं त्याला विचारलें, "किल्ली कोठें ठेवतोस रे?"

"आई, तें तुलाहि सांगतां यावयाचें नाहीं."

वहिनींनीं यंत्र आमच्या हातीं दिलें आणि म्हणाल्या, "आतां बोला तुम्ही वाऱ्याचें काय तें."