मॅरेथॉनचं पाणी

अथेन्सहून ईशान्येकडे निघालं की उपनगरं विरळ होत जातात, रस्ता पाइनच्या टेकड्यांमध्ये शिरतो आणि एका वळणावर समोर पांढरी भिंत उभी राहते. ५४ मीटर उंच, २८५ मीटर लांब, किंचित कमानदार. हे मॅरेथॉनचं धरण. आतून काँक्रीटचं, पण पाण्याकडची आणि दरीकडची अशा दोन्ही बाजू पेंतेली डोंगराच्या संगमरवराने मढवलेल्या. पार्थेनॉन याच डोंगराच्या दगडातून उभं राहिलं. घरोघरच्या नळांसाठी बांधायच्या भिंतीला देवळाचा दगड लावावा असं ज्यांना सुचलं, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला.

पेंतेलीच्या दगडात लोहाचा अंश असतो, त्यामुळे ऊन-पाऊस खाऊन तो हळूहळू मधाच्या रंगावर जातो. कठड्यावरून वाकून पाहिलं तर हा रंग सांध्यासांध्यांतून उतरलेला दिसतो. धरणाच्या माथ्यावरून रस्ता जातो, तोही इतका अरुंद की एका वेळी एकाच बाजूची वाहनं सोडतात. पलीकडे टेकडीवर कॉफीचं दुकान आहे. तिथला मालक म्हणाला, "लोक लग्नाचे फोटो काढायला येतात, रविवारी जेवायला येतात. पाण्याबद्दल विचारायला कोणी येत नाही." तळ्यात पोहायला बंदी आहे, होड्या नाहीत. पाणी नुसतं पाहायचं.

इसवी सनपूर्व ४९० मधली मॅरेथॉनची लढाई, इराणी सैन्याचा पराभव, विजयाची बातमी घेऊन अथेन्सपर्यंत धावलेला दूत, हे सगळं आपण शाळेत वाचलेलं असतं. धरणाची कहाणी मात्र १९२२ पासून सुरू होते. आशिया मायनरमधून हाकलले गेलेले लाखो ग्रीक निर्वासित मायदेशी आले आणि अथेन्स-पिरेअसची वस्ती काही वर्षांत दुपटीच्या जवळ पोचली. शहराचा भरवसा तेव्हाही मुख्यतः सम्राट हेड्रियनने दुसऱ्या शतकात खोदलेल्या, पुढे डागडुजी करून चालू ठेवलेल्या भुयारी पाटावर होता. १९२४ च्या अखेरीस सरकारने यूलेन या अमेरिकन कंपनीशी करार केला. १९२६ ते १९२९ या काळात भिंत उभी राहिली. इथलं पाणी डोंगराखालच्या १३.४ किलोमीटरच्या बोगद्यातून शहराकडे जातं.

भिंतीच्या पायथ्याशी एक छोटं संगमरवरी देऊळ दिसतं. मॅरेथॉनच्या विजयाची आठवण म्हणून अथेन्सवासीयांनी डेल्फीला खजिनाघर बांधलं, असं प्राचीन प्रवासी पौसानियसने लिहून ठेवलंय. पायथ्याचं हे देऊळ त्याचीच प्रतिकृती. तिथे शत्रूवरचा विजय, इथे तहानेवरचा. धरणाच्या पायाशी विजयस्तंभाच्या तोडीचं काही बांधावं, इतकं मोल पाण्याला देणारी ती पिढी होती.

धरणाआधी अथेन्समध्ये घरच्या नळावर विसंबून राहण्यात अर्थ नव्हता. पिण्याचं चांगलं पाणी विकत घ्यायचं ते पाणक्यांकडून. शहराच्या उत्तरेला मारूसी नावाचं गाव होतं, आता उपनगर आहे. तिथल्या झऱ्यांचं पाणी गोड म्हणून नावाजलेलं. मारूसीचे पाणके ते भांड्यांत भरून, गाढवांवर आणि गाड्यांवर लादून अथेन्सच्या गल्ल्यांत आणून विकत. अशाच एका पाणक्याचा मुलगा स्पिरिदोन लुईस. बापाबरोबर तोही पाणी वाहायचा.

१८९६ मध्ये अथेन्सला आधुनिक ऑलिंपिक भरलं. मिशेल ब्रेआल या फ्रेंच भाषापंडिताच्या सूचनेवरून त्यात मॅरेथॉन ते अथेन्स अशी सुमारे ४० किलोमीटरची नवी शर्यत घातली होती. निवड चाचणीत लुईस पाचवा आला होता, त्यामुळे त्याच्यावर कोणाची फारशी भिस्त नव्हती. १० एप्रिलला परदेशी धावपटू सुसाट सुटले आणि लुईस आपल्या चालीने मागून धावत राहिला. वाटेत पिकेर्मी गावात थांबून त्याने वाइनचा पेला घेतला आणि पुढच्यांना आपण गाठणार असं सांगितलं, ही गोष्ट अथेन्समध्ये आजही सांगतात. ऑस्ट्रेलियाचा एडविन फ्लॅक शेवटच्या टप्प्यात कोलमडला आणि लुईस एकटाच पुढे उरला. संगमरवरी स्टेडियममध्ये तो शिरला तेव्हा दोन राजपुत्र त्याच्याबरोबर धावले. वेळ झाली २ तास ५८ मिनिटं ५० सेकंद.

राजाने त्याला विचारलं, काय हवं ते माग. त्याने पाणी वाहायला एक गाडी आणि ती ओढायला जनावर मागितलं, असं सांगतात. ही दंतकथा असेल, पण मला ती फार आवडली. सगळं शहर पायाशी असताना या माणसाला उद्याच्या फेरीची काळजी होती. पुन्हा तो कधी शर्यतीत उतरला नाही. २००४ चं ऑलिंपिक झालं ते मुख्य स्टेडियम मारूसीतच आहे आणि त्याला लुईसचं नाव आहे. त्याचा चांदीचा चषक २०१२ मध्ये लंडनच्या लिलावात पाच लाख पौंडांहून अधिक किमतीला गेला. धावपटू म्हणून त्याचा मान राखला गेला, पण त्याच्या धंद्याची आठवण त्याच्या गावातही फारशी उरलेली नाही.

मारूसीत ती आठवण शोधत फिरताना एका कुंभाराच्या दुकानात शिरलो. मारूसी एके काळी कुंभारांचंही गाव. पाणके आले की मडकी आली. म्हातारे गृहस्थ चाकावर बसले होते. त्यांनी पाण्याचा चंबू कसा करतात ते दाखवलं. मातीचा गोळा चाकाच्या मध्यावर बसवला, अंगठा आत घालून पोकळी केली, मग एक हात आत आणि एक बाहेर ठेवून भिंत वर ओढत नेली. पोट फुगलं, गळा आवळला आणि शेवटी ओल्या बोटाने काठ एका जागी किंचित दाबला. झाली पाणी ओतायची चोच. "याला काच चढवायची नाही," ते म्हणाले. "काच चढवली तर श्वास कोंडतो." कच्च्या पोताच्या भिंतीतून पाणी झिरपतं, वाऱ्याने उडतं आणि आतलं पाणी गार होतं, आपल्या सुरईसारखं. त्यांच्या लहानपणी प्रत्येक खिडकीत असा चंबू असायचा. आता तो पर्यटक घेतात, फुलं ठेवायला. मी विकत घेतला तेव्हा त्यांनी बजावलं, "पहिले काही दिवस पाण्याला मातीचा वास येईल. टाकून द्या, पुन्हा भरा. मग प्या."

मॅरेथॉनच्या धरणाचा साठा तसा लहान, जेमतेम ४१ दशलक्ष घनमीटर. खडकवासल्याहूनही कमी. वाढत्या शहराला तो पुरेना, म्हणून पन्नाशीच्या दशकात इलिकी तळ्याचं पाणी पंपाने चढवून आणलं. १९७९ मध्ये पश्चिमेला थेट मोर्नोस नदीवर धरण झालं. तिथून अथेन्सपर्यंतचा जलमार्ग १८८ किलोमीटरचा, मुख्यतः उतारानेच वाहणारा. २००१ मध्ये एव्हिनोस नदीचं धरण झालं आणि तिचं पाणी २९ किलोमीटरच्या बोगद्यातून मोर्नोसमध्ये सोडलं. मॅरेथॉनचं तळं आता अडीअडचणीसाठी राखून ठेवलेला साठा आहे. मोर्नोसचा मार्ग कुठे फुटलाच, तर शहराच्या जवळ असलेलं हेच पाणी कामी येतं.

पाणीखात्यात उमेदीची वर्षं घालवलेल्या एका निवृत्त अभियंत्यांशी बोलणं झालं. त्यांच्या मनात घर करून राहिलाय तो १९९० च्या आसपासचा दुष्काळ. पाऊस सलग आटला, साठे तळाला गेले. सरकारने पाणीपट्टी भरमसाट वाढवली, बागांना पाणी घालण्यावर निर्बंध आणले, काटकसरीची मोहीम काढली. १९८९ मध्ये शहराने वर्षाला ३७६ दशलक्ष घनमीटर पाणी वापरलं होतं. १९९३ पर्यंत हा वापर जवळपास एक तृतीयांशाने खाली आला. ते म्हणाले, "लोकांना दोष देऊ नका. खरं सांगितलं की लोक ऐकतात. आम्ही मात्र पाऊस आला की सांगायचं थांबवतो." पाऊस आला, धरणं भरली, वापर पुन्हा चढला.

मोर्नोसच्या तळ्याखाली कालियो नावाचं गाव आहे. धरणासाठी ते उठवलं आणि बुडवलं. २०२४ मध्ये पाणी इतकं खाली गेलं की घरांच्या भिंती वर आल्या आणि गाव सोडताना लहान असलेली माणसं आपापली घरं ओळखायला तिथे गेली. आपल्याकडच्या धरणग्रस्तांना हे वेगळं सांगायला नको. अथेन्सच्या नळाचं पाणी उत्तम आहे, बिनदिक्कत प्यावं असं. पण ज्यांना मी विचारलं, त्यांच्यापैकी एकालाही कालियोचं नाव माहीत नव्हतं, याचं वाईट वाटलं.

नोव्हेंबर २०२५ मध्ये ॲटिका प्रांतात पाण्याची आणीबाणी जाहीर झाली. आता एव्हिनोसच्याही पलीकडच्या, एव्रितानिया भागातल्या नद्यांचं पाणी वळवून आणायची योजना पुढे आली आहे. म्हणजे आणखी बोगदे, आणखी दूरची गावं. गळक्या वाहिन्या आणि सांडपाण्याचा पुनर्वापर यांवरही बोललं जातं, पण नव्या बोगद्याइतक्या उत्साहाने नाही. हे चित्र महाराष्ट्रातून गेलेल्या माणसाला फार ओळखीचं वाटतं.

एक गोष्ट मात्र मनाला उभारी देणारी. हेड्रियनचा तो भुयारी पाट अजून वाहतो. मॅरेथॉनचं पाणी आल्यावर तो विस्मरणात गेला आणि त्याचं पाणी गटारात, समुद्रात वाया जाऊ लागलं. खालांद्री उपनगराने ते पुन्हा वर काढून बागांना आणि झाडांना देण्याचं काम हाती घेतलंय. कोलोनाकी भागात टेकडीच्या उतारावर या पाटाचं जुनं टाकं आहे. शेजारी उघड्यावरचं सिनेमागृह, झाडाखाली कॉफी. सहा जानेवारीला धर्मगुरू येऊन तिथल्या पाण्याला आशीर्वाद देतात. वर्षातला एक दिवस तरी शहर आपल्या टाक्याकडे पाहतं.

मॅरेथॉन गावाला जायला अथेन्सच्या पेदियन आरेओस उद्यानाजवळून बस मिळते, पण ती धरणापर्यंत नेत नाही. टॅक्सीच करावी लागते आणि परतीची सोय आधीच ठरवावी लागते. इतक्या देखण्या जागेला साधी बस नसावी, माहितीचा धड फलक नसावा, हे खटकतं. गावात मॅरेथॉन शर्यतीचं संग्रहालय आहे, तेही पाहून घ्यावं. सकाळच्या उन्हात संगमरवर सर्वांत छान दिसतो, दुपारी डोळ्यांवर येतो. परत येताना मारूसीला उतरा आणि कुंभारांची दुकानं उघडी असली तर एखादा चंबू जरूर घ्या.