तुटणारा तारा ऐकू येतो

२ एप्रिल २०२२ ची संध्याकाळ विदर्भातले लोक सहजासहजी विसरणार नाहीत. त्या दिवशी गुढीपाडवा होता आणि रमजानच्या चांदची संध्याकाळही तीच होती. मगरिबनंतर चांद दिसला, एकमेकांना मुबारकबाद देऊन झाली आणि मशिदीत पहिल्या तरावीहची तयारी सुरू झाली. आठच्या सुमारास आकाशातून पेटत्या निखाऱ्यांची एक माळ सरकत गेली. मेडशीत आम्ही गच्चीवर होतो. माझी आई म्हणाली, "या अल्लाह, खैर कर! कुणीतरी मोठा माणूस गेला असणार." माझी मुलगी तेव्हा सातवीत होती. ती म्हणाली, "दादी, तारा तुटतो तेव्हा डोळ्याची पापणी लवायच्या आत संपतो. हा इतका हळू कसा गेला?"

मुलीचा प्रश्न बरोबर निघाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात त्याच रात्री धातूचे एक मोठे कडे पडलेले सापडले. ते चीनच्या लाँग मार्च ३-बी या रॉकेटचे अवशेष असावेत, असे जाणकारांनी सांगितले. पृथ्वीभोवती फिरणारे असे अवशेष सेकंदाला साधारण आठ किलोमीटर वेगाने खाली येतात. खऱ्या उल्केचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर असतो. फरक नुसत्या डोळ्यांना कळतो, फक्त नीट पाहायला हवे.

आईच्या बोलण्याचेही उत्तर आपल्याकडे आहे. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्याकडून आलेली एक रिवायत सहीह मुस्लिममध्ये आहे. एका रात्री साथीदार प्रेषित मुहम्मद (स.) यांच्याजवळ बसलेले असताना तारा तुटला आणि उजेड पडला. अज्ञानकाळात तुम्ही यावर काय म्हणत होता, असे प्रेषितांनी (स.) विचारले. आज कुणी थोर माणूस जन्मला किंवा मेला असे आम्ही म्हणत होतो, असे त्यांनी सांगितले. तेव्हा कुणाच्या जन्मासाठी किंवा मृत्यूसाठी तारे तुटत नसतात, हे प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले. मी हे वाचून दाखवले तेव्हा आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "मग हे पडते तरी काय?"

वाळूचा कण आणि आगीची रेघ

उर्दूत याला शिहाब-ए-साकिब म्हणतात, मराठीत उल्का. तारा मुळात तुटतच नाही. धूमकेतू सूर्याभोवती फिरताना मागे धूळ सोडत जातात. पृथ्वी त्या धुळीतून गेली की कण हवेत शिरतात आणि जमिनीपासून साधारण ८० ते ११० किलोमीटर उंचीवर जळून जातात. बहुतेक कण वाळूएवढे असतात. आपल्यापासून फार दूर नसलेले लोणारचे सरोवर आठवा. तिथे फार पूर्वी मोठा दगड येऊन आदळला आणि बेसाल्टच्या खडकात सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. असे क्वचित घडते. वाळूचे कण मात्र रोज, दिवसा आणि रात्री पडत असतात.

डिसेंबर २०२३ मध्ये जेमिनिड्स नावाचा उल्कावर्षाव होता. तो दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री भरात असतो. त्या वर्षी अमावास्या नुकतीच झालेली असल्याने आकाश काळेभोर असणार होते. मुलीच्या वर्गातली काही मुले घरच्यांबरोबर पातूरच्या बाजूला माळावर जाणार होती. तिने विचारले, मी नाही म्हटले. थंडी आहे, रस्त्यावर ट्रक असतात, अशी कारणे दिली. "गच्चीवरून बघ," असेही म्हटले. पण समोरच चौकातला हायमास्ट दिवा, गच्चीवर वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड. ती काही बोलली नाही. रात्री झोपताना माझ्या मनात आले, मुलगा असता तर त्याला मी हीच कारणे सांगितली असती का? उत्तर मला माहीत होते आणि ते मला आवडले नाही.

त्यानंतर मी या विषयावर वाचू लागलो आणि एक गोष्ट हाती लागली. उल्का ऐकताही येते. त्यासाठी अंधार लागत नाही, मोकळे आकाश लागत नाही, घराबाहेर पडावेही लागत नाही. एक जुना एफ.एम. रेडिओ पुरतो.

रेडिओला उल्का कशी कळते?

आईच्या पिढीला रेडिओ सिलोन आठवत असेल. समुद्रापलीकडचे ते केंद्र आपल्या गावात ऐकू यायचे, कारण शॉर्टवेव्हच्या लहरी हवेच्या वरच्या थरावर आपटून परत खाली येतात. एफ.एम.च्या लहरी तशा परतत नाहीत. त्या सरळ जातात, तो थर भेदून वर निघून जातात. म्हणून एफ.एम. केंद्र मनोऱ्यापासून काही दहा किलोमीटरपर्यंतच ऐकू येते. दिल्ली मेडशीपासून सरळ उत्तरेला नऊशेहून जास्त किलोमीटर आहे. तिथले एफ.एम. आपल्याकडे एरवी ऐकू येणे शक्य नाही.

पण मधल्या आकाशात उल्का जळते तेव्हा तिच्या वाटेवरची हवा विद्युतभारित होते. ही रेघ कित्येक किलोमीटर लांब असते. क्षणभर तीच आरशाचे काम करते. दूरच्या केंद्राची लहर तिच्यावर आपटून खाली येते आणि रेडिओच्या खरखरीत अचानक गाण्याचा तुकडा किंवा एखादा शब्द उमटतो. बहुतेक वेळा तो सेकंदापेक्षाही कमी टिकतो. उल्का मोठी असेल तर काही सेकंद टिकतो. मग पुन्हा खरखर. केंद्र पाचशे ते दोन हजार किलोमीटर दूर असेल तर हे साधते.

या शोधात आपल्या देशाचाही वाटा आहे. नोव्हेंबर १९३३ च्या लिओनिड्स उल्कावर्षावाचा वातावरणाच्या वरच्या थरावर काय परिणाम झाला, हे कोलकात्यात शिशिरकुमार मित्र आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेडिओ लहरींनी तपासले होते. पुढे चमनलाल आणि वेंकटरामन या दोघांनी शॉर्टवेव्ह ऐकताना येणाऱ्या चमत्कारिक शिट्ट्यांचा माग काढला. त्या उल्कांमुळे येतात, असे त्यांनी १९४१ मध्ये छापून प्रसिद्ध केले. महायुद्ध संपल्यावर इंग्लंडमध्ये बर्नार्ड लॉव्हेल यांनी लष्कराचे जुने रडार जॉड्रेल बँक इथे आणून उल्का मोजल्या. त्यांच्या जोडीला जे. पी. एम. प्रेंटिस हे गृहस्थ असत. त्यांचा पेशा वकिलीचा, उल्का पाहणे हा छंद. रडारवर ठिपका उमटला त्याच क्षणी आकाशात उल्का दिसली का, हे तेच सांगत. १९४७ मध्ये याच रडारने भर दिवसा पडणारे उल्कावर्षाव शोधले. सूर्याच्या उजेडात ते कुणालाही कधी दिसले नव्हते.

आपल्या महाराष्ट्रातही रेडिओ खगोलशास्त्राची सुरुवात साध्या सामानाने झाली. गोविंद स्वरूप यांनी १९६५ मध्ये कल्याणजवळ ऑस्ट्रेलियातून मिळालेल्या वापरलेल्या ३२ लहान तबकड्यांनी सूर्याचा अभ्यास सुरू केला. पुढे त्यांच्याच नेतृत्वाखाली नारायणगावजवळ खोडद इथे ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची जगप्रसिद्ध दुर्बीण उभी राहिली.

घरी काय करायचे?

रेडिओ हाताने चकती फिरवायचा घ्यावा. आपोआप स्टेशन शोधणारे बरेच रेडिओ रिकाम्या जागी आवाज बंद करतात, ते उपयोगाचे नाहीत. चकती फिरवून अशी जागा शोधायची जिथे जवळचे कोणतेही केंद्र नाही, नुसती खरखर आहे. अँटेनासाठी प्रत्येकी सुमारे ७० सेंटिमीटरचे ॲल्युमिनियमचे दोन दांडे एका लाकडी पट्टीवर एका रेषेत बसवायचे, मध्ये बोटभर अंतर ठेवायचे आणि तिथून डिशची केबल रेडिओपर्यंत आणायची. दांडे पूर्व-पश्चिम ठेवले की उत्तरेकडचे आणि दक्षिणेकडचे चांगले ऐकू येते. विजेच्या तारांपासून अँटेना लांब असावा. ढग गडगडू लागले की केबल काढून ठेवावी, यात हयगय नको.

मग एक वही. तारीख, किती वाजता ऐकायला बसलो, किती वाजता उठलो आणि प्रत्येक आवाजाची वेळ. विमानावरूनही लहर परतते, पण तो आवाज थरथरत हळूहळू वाढतो आणि हळूहळू जातो. उन्हाळ्यात कधी कधी दूरचे केंद्र सलग कित्येक मिनिटे ऐकू येते, तो हवेच्या वरच्या थराचा खेळ असतो. विजेचा आवाज नुसता कडकडाट असतो, त्यात शब्द नसतात. शंका आली तर वहीत प्रश्नचिन्ह टाकायचे.

सर्वांत चांगली वेळ पहाटेची. पृथ्वी सूर्याभोवती ज्या दिशेने धावते त्या दिशेला पहाटेची बाजू असते. धावत्या गाडीच्या पुढच्या काचेवर पाऊस जास्त आपटतो, तसेच हे. म्हणून संध्याकाळपेक्षा सहरीच्या वेळी उल्का कितीतरी जास्त असतात. आपल्या घरांत त्या वेळी दिवा लागलेलाच असतो.

शून्याची शहादत

मार्च २०२४ मध्ये रमजान सुरू झाला आणि आमच्या घरी रेडिओ लागला. सहरी उरकली की मुलगी इअरफोन लावून वही घेऊन बसायची. पहिल्या दिवशी नुसती खरखर, दुसऱ्या दिवशीही तेच. नंतर मला वाचनात आले की वर्षातला हा काळच उल्कांच्या दृष्टीने मंद असतो. तिसऱ्या दिवशी मी म्हटले, "काही नसेल तर कशाला लिहितेस?" ती म्हणाली, "अब्बा, एकोणतीसच्या संध्याकाळी चांद दिसला नाही तर आपण तसे सांगतोच ना? दिसला नाही म्हणूनच तीस पूर्ण करतो." तिने शून्य लिहिले.

मला वाटते, या छंदाचे सगळे सार त्या शून्यात आहे. चांदच्या बाबतीत आपण कुणाची गवाही धरतो? जो खरा आहे आणि पाहिले तेवढेच सांगतो त्याची. उल्कांचेही तसेच. इ.स. ९०२ आणि १२०२ म्हणजे हिजरी ५९९ मध्ये आकाशात ताऱ्यांचा पाऊस पडला, हे अरबी इतिहासकारांनी लिहून ठेवले. १८६४ मध्ये अमेरिकेतल्या ह्युबर्ट न्यूटन यांनी असल्या जुन्या नोंदी जुळवल्या आणि लिओनिड्सचा जोर साधारण ३३ वर्षांनी येतो, हे दाखवले. लिहिणाऱ्यांना हे कारण ठाऊक नव्हते. त्यांनी वर्ष खरे लिहिले, तेवढ्यावर साडेनऊशे वर्षांनी काम झाले. आजही जगभरचे हौशी लोक रेडिओवर ऐकलेल्या उल्कांची तासागणिक मोजणी करून एकत्र जमा करतात. दिवसा आणि ढगांमागे पडणाऱ्या उल्कांचा हिशेब त्यातून लागतो.

चौथ्या पहाटे तिने एकदम हात वर केला. कुणा बाईचा आवाज, एखादाच शब्द, तोही अर्धवट. तिने वेळ लिहिली आणि पुढे प्रश्नचिन्ह टाकले. महिनाभरात तशा नोंदी थोड्याच झाल्या, शून्ये जास्त.

मग ऑगस्ट आला. १२-१३ ऑगस्टला पर्सिड्स उल्कावर्षाव असतो. युरोप-अमेरिकेत लोक गवतावर आडवे होऊन तो पाहतात. आपल्याकडे तेव्हा भर पावसाळा. त्या पहाटे मेडशीवर ढगांची गोधडी होती, एक तारा दिसत नव्हता. फजरच्या आधी तिने इअरफोनचे एक टोक माझ्या कानात घातले. खरखर... आणि मध्येच गाण्याचा तुकडा. थोड्या वेळाने पुन्हा. मग एकदा तर पूर्ण ओळ ऐकू येईल इतका वेळ. वर ढग होते आणि ढगांच्या वर तारे तुटत होते. मी तिच्याकडे पाहिले. ती माझ्याकडे पाहत नव्हती, वेळ लिहीत होती. तिने दादीलाही हाक मारली. आईने ऐकले आणि फक्त "सुब्हानअल्लाह" म्हणाली. कोण गेले, हे मात्र विचारले नाही.

वाचक बंधू-भगिनींनो, आपल्या कितीतरी घरांत अशा मुली आहेत. रात्री बाहेर जाऊ न देण्याची आपली कारणे कधी खरी असतात, कधी नुसती सवय असते. एक जुना रेडिओ आणि दोन दांडे यांनी घरात बसूनही शास्त्राचे खरे काम होऊ शकते. ज्यांना डोळ्यांनी दिसत नाही, जे अंथरुणाला खिळलेले आहेत, त्यांनाही ते जमेल. पण ऐकणे ही पाहण्याची भरपाई आहे, असे मी म्हणणार नाही. पर्सिड्सनंतर मुलीने वही मिटली आणि म्हणाली, "अब्बा, आता आवाज माहीत झाला. बघायचेही आहे."

१३ डिसेंबरच्या रात्री आम्ही शेतावर जाणार आहोत. घरातले सगळे, गोधड्या घेऊन. आईही येते म्हणाली आहे. रेडिओ सोबत असेल. इकडे तारा दिसला की तिकडे आवाज येतो का, ते तपासायचे आहे. वही मुलीच्या हातात राहील आणि शून्य आले तर शून्यच लिहिले जाईल.