जे दिवस उजाडलेच नाहींत

चारचौघांच्या बैठकींत एखादी चमत्कारिक माहिती सांगून दुसऱ्यास थक्क करण्याची हौस फार जुनी आहे. अशा माहितीच्या पोतडींतून एक गोष्ट बहुधा बाहेर पडतेच : १७५२ सालीं सप्टेंबरच्या ३ पासून १३ तारखेपर्यंत इंग्लंडांत एकहि मूल जन्मास आलें नाहीं, एकहि मनुष्य मेला नाहीं व एकहि लग्न लागलें नाहीं. ऐकणारा प्रथम हसतो, मग बुचकळ्यांत पडतो. साथ नव्हती, प्रलय नव्हता. ते अकरा दिवस तेथें उजाडलेच नव्हते. बुधवारीं २ तारखेस रात्रीं जो निजला, तो दुसरे दिवशीं गुरुवारीं उठला तेव्हां तारीख १४ होती.

माहिती खरी आहे. पण एवढ्यावरच थांबणारा मनुष्य नारळाची करवंटी दाखवितो आणि खोबरें देण्यास विसरतो. हे दिवस कां गाळावे लागले, व त्यामुळें इतिहासाच्या तारखांत कसा घोटाळा होऊन बसला, हें समजून घेण्यांत खरी गोडी आहे. त्या घोटाळ्यांतून शिवछत्रपतींचा राज्याभिषेकहि सुटलेला नाहीं.

रोमच्या ज्यूलियस सीझरनें सोसिजिनीस नांवाच्या ज्योतिष्याचा सल्ला घेऊन ख्रिस्तपूर्व ४५ पासून नवें कॅलेंडर सुरू केलें. त्यांत वर्ष ३६५ दिवस व ६ तासांचें धरलें होतें. सहा-सहा तासांची शिल्लक सांठवून दर चौथ्या वर्षीं एक दिवस अधिक द्यावयाचा. हिशेब सुटसुटीत खरा, पण किंचित् चुकीचा. ऋतूंचें चक्र ज्या काळांत पुरें होतें, तें वर्ष ३६५ दिवस, ५ तास व सुमारें ४९ मिनिटांचें असतें. फरक अवघा ११ मिनिटांचा; विडा लावून सावकाश खावा, इतका. परंतु सावकाराच्या व्याजाप्रमाणें तो वाढत गेला, आणि १२८ वर्षांत एक दिवस या गतीनें कॅलेंडर ऋतूंच्या मागें पडूं लागलें.

इ. स. ३२५ च्या सुमारास वसंतसंपाताचा, म्हणजे दिवस व रात्र समान असण्याचा, दिवस २१ मार्च मानीत असत. सोळाव्या शतकांत तो ११ मार्चवर आला. ख्रिस्ती लोकांच्या ईस्टर सणाचा दिवस या संपातावरून ठरतो. सण चुकूं लागला, तेव्हां धर्मगुरूंस काळजी पडली. लिलियस नांवाच्या एका इटालियन वैद्यानें तोड सुचविली, क्लेव्हियस या जेझुइट गणित्यानें ती तपासून मांडली, आणि तेरावा पोप ग्रेगरी यानें १५८२ सालीं ती अमलांत आणली. इटली, स्पेन व पोर्तुगाल या देशांत गुरुवार ४ ऑक्टोबरच्या पाठीस शुक्रवार १५ ऑक्टोबर आला. दहा दिवस गेले, पण वारांची साखळी मात्र तुटूं दिली नाहीं. हें पुढें उपयोगी पडणार आहे. स्पेनमधील विख्यात साध्वी तेरेसा नेमकी या ४ व १५ तारखांच्या मधल्या रात्रीं वारली! पुन्हां घसरण होऊं नये म्हणून असाहि नियम केला कीं, शतक पुरें करणाऱ्या वर्षास ४०० नें भाग जात असेल तरच त्याच्या फेब्रुवारीस एकोणतिसावा दिवस द्यावा. त्यामुळें १९०० सालीं तो नव्हता आणि २००० सालीं होता.

पोपचें म्हणणें गणिताच्या दृष्टीनें बरोबर असलें, तरी तें पोपचें होतें, एवढ्या कारणास्तव प्रॉटेस्टंट इंग्लंडनें तें १७० वर्षें मानलें नाहीं. दुराग्रह सूर्यास अडवूं शकत नाहीं. तोंवर अंतर दहाचें अकरा झालें, व अखेर पार्लमेंटास कायदा करावा लागला. तेथें वर्षारंभहि २५ मार्चला होत असे. तो १ जानेवारीस आणल्यामुळें १७५१ हें वर्ष अवघ्या २८२ दिवसांत आटोपलें.

या गोष्टीस एक शेपूट जोडून सांगतात. लोकांनीं दंगे केले, आणि 'आमचे अकरा दिवस परत द्या' म्हणून ते ओरडत फिरले, असें तें शेपूट आहे. तें बहुतेक खोटें. होगार्थ या चित्रकाराच्या निवडणुकीवरील एका विनोदी चित्रांत जमिनीवर पडलेल्या फलकावर तशी मागणी लिहिलेली आहे. पुढील लेखकांनीं थट्टेचा इतिहास करून टाकला. दंग्यांचा समकालीन पुरावा मिळत नाहीं. उलट कायद्यानेंच अशी तजवीज केली होती कीं, भाडें, व्याज वगैरे देणीं पूर्ण दिवस भरल्याखेरीज वसूल होऊं नयेत. इंग्लंडांतील प्राप्तिकराचें वर्ष आजहि ५ एप्रिलला संपतें, तें याच अकरा दिवसांमुळें. जुन्या २५ मार्चमध्यें अकरा मिळवून पाहावे.

एकाच वेळीं दोन कॅलेंडरें चालूं असलीं कीं नसलेले योगायोग दिसूं लागतात. शेक्सपियर व स्पेनचा सर्व्हांटिस हे दोघे २३ एप्रिल १६१६ या एकाच दिवशीं वारले, असें कौतुकानें सांगतात. पण इंग्लंडची २३ तारीख स्पेनच्या २३ तारखेनंतर दहा दिवसांनीं आली; शिवाय सर्व्हांटिसचा मृत्यु बहुधा २२ तारखेचा. गॅलिलिओ मेला त्याच १६४२ सालीं न्यूटन जन्मला, हेंहि तसेंच; ज्या कॅलेंडरानें गॅलिलिओचा मृत्यु ८ जानेवारी १६४२ ला पडतो, त्याच कॅलेंडरानें न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३ चा ठरतो. रशियाची 'ऑक्टोबर क्रांति' नोव्हेंबरांत झाली, ही गंमतहि याच झाडाचें फळ.

आतां आपल्याकडे वळूं. सतराव्या शतकांत गोव्याचे पोर्तुगीज नव्या पद्धतीनें तारीख घालीत, आणि मुंबईचे इंग्रज जुन्या पद्धतीनें. मुंबईंत १ तारीख असे तेव्हां गोव्यांत ११ असे. दोन्ही दप्तरें शेजारीं ठेवून वाचणाऱ्यानें हें विसरल्यास उत्तर पत्राच्या आधीं पोंचल्यासारखें दिसावयाचें. राज्याभिषेकाच्या वेळीं इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर हजर होता. ६ जून १६७४ ही सर्वांच्या तोंडीं असलेली तारीख जुन्या इंग्रजी पद्धतीची आहे. आजच्या कॅलेंडरानें तो दिवस १६ जूनचा होतो. तसेंच महाराजांच्या जन्माची १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख नव्या पद्धतीनें १ मार्च होते. राज्याभिषेकाची तिथि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी, शके १५९६, व जन्माची फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१. पोपच्या किंवा पार्लमेंटाच्या हुकुमाचा या तिथींस धक्का लागलेला नाहीं. वारहि दोन्ही पद्धतींनीं तेच, शनिवार व शुक्रवार. जुन्या नोंदी पडताळून पाहणाऱ्यास वार हा फार प्रामाणिक साक्षीदार आहे. तारीख मानावी कीं तिथि, हा वाद घालणाऱ्यांनीं निदान एवढें ध्यानांत घ्यावें कीं, तारखेच्या बाजूसहि तारखा दोन आहेत.

परंतु आपलें पंचांग अगदीं निर्दोष आहे, असेंहि कोणीं समजूं नये. मकरसंक्रांत ताऱ्यांच्या संदर्भानें मोजलेल्या वर्षावरून ठरते, आणि तें वर्ष ऋतूंच्या वर्षाहून सुमारें २० मिनिटांनीं मोठें आहे. म्हणून साधारण सत्तर वर्षांत संक्रांत एक दिवस पुढें सरते. सूर्याचें खरें उत्तरायण २१-२२ डिसेंबरला सुरू होतें. तिळगूळ मात्र आपण १४ किंवा १५ जानेवारीस वाटतों.

यावरून आपल्याकडील एक लाडकी समजूतहि तपासतां येते. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजीं झाली, तेव्हां ती संक्रांतीच्या दिवशींच झाली, असें पुष्कळ लोक सांगतात. तारीख बरोबर आहे व ती नव्या पद्धतीचीच आहे. परंतु त्या काळीं संक्रांत चौदा तारखेस येतच नसे. सत्तर वर्षांस एक या हिशेबानें तीन-चार दिवस मागें मोजले म्हणजे ती १० जानेवारीच्या आसपास पडते. शाळेंतील मुलासहि करतां येईल असा हा भागाकार आहे. भाऊसाहेबांचें सैन्य अन्नान्न दशेंत निकराच्या लढाईस बाहेर पडलें, त्या दिवशीं पौष शुद्ध अष्टमी होती, वार बुधवार. संक्रांत चारएक दिवसांपूर्वींच होऊन गेली होती.