दाटी हवी, मनोरे कशाला?

पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाचा (पीएमआरडीए) प्रारूप विकास आराखडा सरकारने 2025 मध्ये रद्द केला आणि कुणाच्या जमिनीवरचे आरक्षण उठले, याचीच चर्चा रंगली. शहर कुठवर पसरू द्यायचे, हा प्रश्न बाजूलाच राहिला. पुणे महापालिकेत 2017 मध्ये अकरा आणि 2021 मध्ये तेवीस गावे आली. हद्द वाढली, जलवाहिन्या मात्र मागे राहिल्या. टँकर धावतच आहेत. हवेली-मुळशीची शेते गुंठ्यागुंठ्याने बिनशेती होतात आणि एकदा स्लॅब पडला की ती जमीन पिकाकडे परत येत नाही.

मेट्रो स्थानकापासून 500 मीटरांत चारपर्यंत एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, देण्याचे धोरण यावरच उपाय म्हणून आले. दिशा योग्यच आहे. पण दाट वस्ती म्हणजे मनोरे, हे समीकरण चुकीचे आहे आणि ते चार्ल्स कोरियांनी नवी मुंबईत बांधून दाखवले आहे.

सिडकोचे मुख्य वास्तुविशारद राहिलेल्या कोरियांनी 1980 च्या दशकात बेलापूरला आर्टिस्ट व्हिलेज उभारले. सहा हेक्टरांच्या आत सुमारे 550 घरे, आणि लिफ्ट एकही नाही! सात घरांमध्ये एक अंगण, अशा तीन गटांमध्ये आणखी मोठे अंगण. शेजाऱ्याशी भिंत सामाईक नाही, त्यामुळे ऐपतीप्रमाणे घर वाढवता येते. गवंडी गावातला चालतो. आपल्या हवेत उघडे अंगण ही वर्षातले कितीतरी महिने वापरायची खोलीच असते, हा त्यांचा आग्रह. त्यांचा दुसरा मुद्दा बिल्डरांना आवडणार नाही: इमारत उंच केली तरी रस्ते, शाळा, मैदाने यांना जागा तितकीच लागते, म्हणून उंचीने वाचणारी जमीन वाटते त्यापेक्षा फार थोडी असते.

बेलापूरची बरीच मूळ घरे आज पाडून नव्याने बांधली गेली आहेत, हे खरे. पण मनोऱ्यांविना दाटीचा दाखला तेवढाच नाही: पुण्याच्या पेठाही तीन-चार मजल्यांतच दाट झाल्या. खाली दुकान, वर बिऱ्हाड, शाळा चालत जाण्याइतकी जवळ.

स्थानकाशेजारी दोन-दोन गाड्यांच्या पार्किंगसह आलिशान फ्लॅट उभे राहिले, तर मेट्रोने जाणारा माणूस शहराबाहेरच फेकला जाईल. तुमच्या भागाचा आराखडा हरकतींसाठी खुला होईल तेव्हा लेखी विचारा: स्थानकाजवळ लहान, परवडणारी घरे किती आणि पार्किंग किती? मुदत चुकवू नका.