पाणथळीचा जमाखर्च

पांझरेवर बंधारे घालून, पाटकऱ्यांच्या देखरेखीखाली फडाफडाला पाणी वाटून देणाऱ्या खानदेशास पाण्याचा हिशेब नवा नाही. परंतु धुळे-जळगावच्या सांडपाण्याचा हिशेब ज्या गणिताने मांडावयाचा, ते गणित मात्र अद्याप इंजिनिअरांच्या दफ्तराबाहेर फारसे आलेले नाही.

खडीने भरलेल्या उथळ हौदात कर्दळ, पाणकणीस वा नळाचे गवत लावून सांडपाणी सावकाश झिरपू द्यावयाचे, ही झाली कृत्रिम पाणथळ. जर्मनीत केटे झायडेल यांनी १९५०च्या दशकात तिचे प्रयोग आरंभिले. आपल्याकडे नागपूरच्या 'नीरी' या पर्यावरण संशोधन संस्थेने त्याच तत्त्वावर 'फायटोरिड' पद्धती सिद्ध केली. श्रेय झाडांच्या पदरी पडते, पण बहुतेक राबणूक मुळांशी व खडीवर वसलेल्या जिवाणूंची असते.

हौद केवढा बांधावा, हे सांगणारे प्रचलित सूत्र असे मानते की, पाण्याचे तापमान २० अंश सेल्सिअस असता निम्मी घाण सुमारे १५ तासांत जाते, उरलेल्यातली निम्मी पुढील १५ तासांत, आणि अंशागणिक हा वेग सुमारे सहा टक्क्यांनी वाढतो. घाणीचे माप 'बीओडी', म्हणजे ती कुजविताना जिवाणूंना लागणारा प्राणवायू. लिटरमागे २०० मिलिग्रॅम बीओडीचे पाणी दोन दिवस हौदात राहून एका रांगेने पुढे सरकले, तर २२ उरते. नदीत सोडण्याची सर्वसाधारण मर्यादा ३० असल्याने कागदावर मंजुरी निश्चित! परंतु पाण्याला रांग ठाऊक नसते. काही भाग आडवाटेने निसटतो, काही कोपऱ्यात रेंगाळतो. म्हणून तोच हौद तीन सलग टाक्यांचा, प्रत्येकीत पाणी पूर्ण ढवळले जाणारा, असे कल्पून हिशेब केला की उत्तर ३८ येते. पाणी ३० अंशांवर गेले, तर तेच उत्तर १६.

खानदेशचे ऊन येथे मित्र ठरते, पण अर्धाच. रोजच्या दहा हजार लिटरांसाठी ६० सेंटिमीटर खोलीचा, खडीत ४० टक्के पोकळी असलेला हौद सुमारे ८३ चौरस मीटरांचा होतो. मे महिन्यात त्यावरून दररोज १० मिलिमीटर पाणी उडाले, तर ८३० लिटर हवेत जातात आणि सारे क्षार उरलेल्या पाण्यात राहतात. हे पाणी शेतीला द्यावयाचे, तर जळगावच्या केळीला खारे पाणी मानवत नाही, हे शेतकऱ्यास सांगावयास नको.

तेव्हा शुद्धीकरणाचा हिशेब जानेवारीच्या थंडीवर आणि पाण्याचा मेच्या उन्हावर मांडला पाहिजे; वार्षिक सरासरीवर काढलेला आराखडा दोन्हीकडे फसतो. नगरसेवकांनी मंजुरीपूर्वी जानेवारीचा आकडा मागावा, आणि हौद बांधून झाल्यावर पाण्यात मीठ वा रंग सोडून ते प्रत्यक्षात किती तासांनी बाहेर पडते, ही चाचणी झाल्याखेरीज ठेकेदाराचे शेवटचे बिल चुकते करू नये.