विलापाला जागा असलेली पुस्तके

नाताळ जवळ आला की चर्चच्या आवारात मांडलेल्या पुस्तकांभोवती गर्दी होते. नव्या वर्षासाठी दैनिक मनन, दुःखात असलेल्या घरी द्यायला एखादी छोटी पुस्तिका, आईसाठी मोठ्या अक्षरांचे बायबल. ‘काय घेऊ?’ असे विचारणारा माणूस बहुधा कसले तरी ओझे घेऊन आलेला असतो. कुणाची नोकरी गेलेली असते, कुणाच्या घरात कॅन्सर शिरलेला असतो. अशा वेळी गोड आश्वासनांचे पुस्तक त्याच्या हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. धीर देणाऱ्या पुस्तकात आधी रडायला जागा हवी.

ही कसोटी बायबलनेच दिली आहे. स्तोत्रसंहितेतल्या १५० स्तोत्रांपैकी कितीतरी देवाकडे केलेली गाऱ्हाणी आहेत. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते, शेवटी आशेचा सूर लावण्याची घाई तिथे नाही. ईयोबाचे मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसले, तोवर ते खरे सोबती होते. मग ते बोलू लागले, त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले आणि त्याची जखम चिघळली. अनेक प्रेरणादायी पुस्तके हेच करतात. तुझा विश्वास कमी पडला, असे ती आडून सुचवतात आणि खचलेला माणूस आणखी खचतो.

एकाच लेखकाची दोन पुस्तकेही वेगवेगळ्या वेळची असतात. सी. एस. लुईस यांनी १९४० मध्ये ‘द प्रॉब्लेम ऑफ पेन’ लिहिले. देव चांगला असेल तर दुःख का, या प्रश्नाचा तो विचारपूर्वक केलेला ऊहापोह आहे. पुढे पत्नी गेल्यावर त्यांनी वह्यांत जे लिहिले, ते १९६१ मध्ये ‘अ ग्रीफ ऑब्झर्व्ह्ड’ म्हणून टोपणनावाने आले. त्यात देवावरचा रागही आहे आणि बंद दाराशी उभे राहिल्याची भावनाही. कॉलेजात शंका घेऊन बसलेल्या मुलाला पहिले द्यावे, नुकतेच कुणी गमावलेल्याला दुसरे. उलट केले तर दोघांच्याही हाती काही लागत नाही.

दैनिक मननांचा प्रकार सर्वांत लोकप्रिय : तारखेचे एक पान, एक वचन, थोडे विवेचन, छोटी प्रार्थना. ओस्वाल्ड चेंबर्स यांचे ‘माय अटमोस्ट फॉर हिज हायेस्ट’ त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १९२७ मध्ये आले. त्यांची प्रवचने पत्नीने शॉर्टहँडमध्ये टिपली होती, त्यांतून तिने हे पुस्तक उभे केले. लांब प्रवचनातला गाभाच पानावर उरल्याने ते कडक वाटते. अंगात बळ असताना ते वाचावे, आजारपणात नको. लेटी काउमन यांनी नवऱ्याच्या दीर्घ आजारात जमवलेल्या उताऱ्यांचे ‘स्ट्रीम्स इन द डेझर्ट’ (१९२५) जास्त मऊ आहे आणि शुश्रूषा करून थकलेल्यांना ते जवळचे वाटते. एक गोष्ट मात्र आवर्जून सांगतो. चार दिवस चुकले तर मागची पाने भरून काढत बसू नये. आजची तारीख उघडावी.

स्वयंपाकघरात राबणाऱ्यांसाठी ब्रदर लॉरेन्स आहेत. सतराव्या शतकात पॅरिसच्या कार्मेलाइट मठात भांडीकुंडी सांभाळणारा हा लंगडा माजी सैनिक. त्यांची पत्रे आणि संभाषणे इतकी थोडी आहेत की एका दुपारी संपतात.

पण मराठी वाचकाने आधी आपल्या घरात पाहावे. फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यात राचोलला छापले गेले. त्याच्या मुळाशी आजचीच गरज होती. ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणे सुटली होती, मग वाचायचे काय, असा सवाल ग्रंथातच येतो. उत्तर म्हणून एका इंग्रज जेझुइटाने सुमारे अकरा हजार ओव्या रचल्या. आज ती भाषा अवघड जाते, पण मोठ्याने वाचली की अर्ध्याहून अधिक अर्थ कानच लावतात. रोज पंचवीस ओव्या पुरेत.

पंडिता रमाबाईंनी आयुष्याची शेवटची वर्षे बायबलच्या भाषांतराला दिली. हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायांना कळेल अशा मराठीचा ध्यास घेऊन. १९२२ मध्ये त्या गेल्या. ते बायबल केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून १९२४ मध्ये पुरे छापून बाहेर पडले. स्वतःची मुलगी मनोरमा त्यांच्याआधी वारली होती. हे ठाऊक असले की त्यांच्या मराठीतली विलापगीते वेगळी वाचली जातात.

रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजने मराठी ख्रिस्ती मंडळींना तोंडपाठ असतात. ती गायची असतात हे खरे, पण मी ती शांतपणे वाचायलाही सुचवतो. तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे गेलेला हा कवी देवाशी लाडाने बोलतो, तसे बोलणे भाषांतरात सापडत नाही. आणि भक्तिपर पुस्तकांच्या रांगेत कुणी ठेवत नसले, तरी मी सर्वांत जास्त वेळा भेट दिलेले पुस्तक टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची ‘स्मृतिचित्रे’ आहे. नवरा १८९५ मध्ये ख्रिस्ती झाला आणि संसार मोडला. मग कित्येक वर्षांची ताटातूट, नातेवाइकांचे बोल, सोवळ्याओवळ्याशी झालेला झगडा. हे सारे त्या हसत-रडत सांगतात. विश्वास त्यांच्यात हळूहळू, कुरकुरत, पाणी भरता-भरता येतो. प्रार्थना जमत नाही म्हणून स्वतःला दोष देणाऱ्या कितीतरी बायकांना याने मोकळे केले आहे.

बायबल पहिल्यांदाच उघडणाऱ्याला, मग तो ख्रिस्ती असो वा नसो, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ द्यावे. वसईच्या ‘सुवार्ता’ मासिकात वर्षानुवर्षे सामान्य वाचकांशी बोललेल्या संपादकाचा हात त्यात दिसतो.

उणीव जाणवते ती आजच्या लेखनाची. भाषांतरित मननांत बर्फ पडतो, लेकरे बेसबॉल खेळतात, आणि वाचणारी मराठवाड्यात टँकरची वाट पाहत असते. नगरच्या शाळेतली एखादी शिक्षिका, वसईचा भाजीवाला, जालन्याच्या शासकीय रुग्णालयातली नर्स यांनी आपल्या भाषेत ३६५ पाने लिहावीत. ती छापायला प्रकाशकांनी पुढे यावे आणि त्या पानांत दुष्काळाच्या वर्षाची तक्रारही काटछाट न करता राहू द्यावी.