मंद आच, मऊ मांस

मुंबई-अहमदाबाद लोहमार्गावर उधना आणि सचीन यांच्या मध्ये भेस्तान नावाचे लहानसे स्टेशन आहे. बहुतेक मोठ्या गाड्या येथे न थांबता धडधडत निघून जातात. माणसे मात्र येथे पुष्कळ थांबली. यंत्रमागांनी आणि रंगाई-छपाईच्या कारखान्यांनी त्यांना थांबवून घेतले. उधन्याहून जळगावकडे जाणाऱ्या ताप्तीकाठच्या लोहमार्गाने अर्धा खानदेश इकडे आणून सोडला असे म्हटले तर फारशी अतिशयोक्ती होणार नाही. आमचे बिऱ्हाडही त्यातलेच. लग्न होऊन मी अमळनेरहून आले, त्याला चाळीस वर्षे होऊन गेली.

आमच्या शेजारी तेव्हापासून वसईच्या एक मावशी राहतात. त्यांचे यजमान रेल्वेत होते. धर्माने ख्रिस्ती, बोली वाडवळी, आणि आमच्याशी बोलताना स्वच्छ मराठी. माझ्या सासूबाईंचा आणि त्यांचा स्नेह सख्ख्या बहिणींसारखा होता. दिवाळीचा फराळ इकडून तिकडे जाई, नाताळची केक-करंजी तिकडून इकडे येई. सासूबाईंची एकच अट होती. आमच्या घरी मटण शिजे, परंतु डुकराचे मांस आमच्या चुलीवर चढायचे नाही. मावशींनी ही अट कधी मनाला लावून घेतली नाही. "ज्याचा त्याचा चुलीचा धर्म," एवढेच त्या म्हणत.

त्यांच्या घरी नाताळच्या सुमारास बरगड्यांचा एक पदार्थ होत असे. सुक्या मिरच्या, लसूण, जिरे, मिरी सरक्यात वाटून त्यांत मांस रात्रभर मुरवायचे आणि दुसऱ्या दिवशी भुशाच्या शेगडीवर ठेवून द्यायचे. आजच्या मुलींना ही शेगडी ठाऊक नसेल. पत्र्याच्या डब्याला तळाशी एका बाजूने भोक पाडायचे, मध्ये बाटली उभी धरून भोवती लाकडाचा भुसा ठासून भरायचा, मग बाटली हलकेच काढून घ्यायची. खालून पेटवले की तो भुसा धुमसत चारपाच तास एकसारखी आच देई. वखारीतून भुसा जवळजवळ फुकट मिळे. मी गॅलरीतून पाहत असे. मावशी झाकणाला हातदेखील लावीत नसत. मी एकदा म्हटले, "मावशी, बघा तरी शिजलंय का!" त्या हसून म्हणाल्या, "बाय, घाई करू नकोस. मांसाला झोप लागू दे, मग ते मऊ होतं."

आज मावशींचे वय ब्याऐंशी आहे. यजमान गेले, मुलगा वसईला नोकरीत, आणि त्या हे घर सोडायला तयार नाहीत. अर्धांगाच्या एका झटक्यानंतर उजवा हात नीटसा चालत नाही, म्हणून त्यांचे दोन्ही वेळचे जेवण आमच्याकडून जाते. दात राहिलेले नाहीत, आणि कवळी त्यांना सोसत नाही. वरण-भात, खिचडी, मऊ भाकरी दुधात कुस्करून असे चालले होते. गेल्या नाताळच्या आधी एके दिवशी ताट घेताना त्या सहज बोलून गेल्या, "त्या बरगड्यांची चव आता तोंडाला लागायची नाही." तक्रारीचा सूर नव्हता. जी गोष्ट संपली तिचा उच्चार करावा तसे त्या बोलल्या. मला रात्री झोप लागली नाही.

मुलगा महिन्यातून एकदा येतो. त्याला निरोप धाडला. त्याने वसईहून बरगड्या बर्फात बांधून आणल्या. प्रश्न होता तो आमच्या घराचा. सासूबाई जाऊन अकरा वर्षे झाली, परंतु त्यांचा शब्द घरात अजून वावरतो. मी भीतभीतच यजमानांपुढे विषय काढला. ते बराच वेळ वर्तमानपत्र वाचीत राहिले. मग उठून त्यांनी माळ्यावरून एक खोके काढले. मुलाने दोन वर्षांपूर्वी आणून दिलेला विजेचा स्लो कुकर त्यात तसाच पडून होता. ते म्हणाले, "आईने चुलीवर नको म्हटलं होतं. ही चूल कुठे आहे?" आणि त्यांनी तो स्वयंपाकघरात न ठेवता गॅलरीतल्या टेबलावर मांडला. आईचा शब्दही राहिला आणि तिच्या मैत्रिणीचा घासही.

परंतु मी अगोदर चूक केली. या यंत्रावर माझा विश्वास नव्हता, म्हणून निम्म्या बरगड्या एका जुन्या प्रेशर कुकरमध्ये घालून, तो मावशींच्याच स्टोव्हवर ठेवून चांगल्या सहा शिट्या काढल्या. मांस हाडापासून सुटले खरे, पण दोऱ्यादोऱ्यांचे आणि कोरडे झाले. मावशींनी घास तोंडात घोळवला आणि कोणाचे लक्ष नाही असे पाहून हळूच रुमालात काढला. माझे लक्ष होते.

असे का झाले याचा मग मी शोध घेतला, आणि तो सर्व भगिनींच्या उपयोगी पडेल असे वाटते. बरगडीच्या मांसात स्नायूंचे तंतू असतात आणि त्यांना बांधून ठेवणारे कोलॅजन नावाचे चिवट द्रव्य असते. तंतू साठ-पासष्ट अंश सेल्सियसच्या पुढे आकसू लागतात आणि आपल्यातले पाणी पिळून बाहेर टाकतात. कोलॅजनची गोष्ट निराळी. ते सत्तर अंशांच्या पुढे, ओलाव्यात, सावकाश विरघळते आणि त्याचे जिलेटिन होते. पायाचे सूप थंड झाल्यावर जे थिजते, तेच हे द्रव्य. ते तंतूंच्या मध्ये पसरले म्हणजे मांस जिभेला मऊ आणि रसाळ लागते. प्रेशर कुकरमध्ये उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते. तेथे कोलॅजन लवकर विरघळते, पण तंतूही तितक्याच जोराने पिळले जातात, आणि वेळेचा अंदाज थोडा चुकला की हाती कोरडा चोथा येतो. मंद आचेवर कोलॅजनला पुरेसा अवधी मिळतो. मावशी जिला मांसाची झोप म्हणत होत्या, ती हीच.

ही युक्ती काही परकी नव्हे. आमच्या दक्षिण गुजरातेत वलसाड-डुंगरीच्या बाजूला हिवाळ्यात हमरस्त्याच्या कडेला उंबाडियुं मिळते. वालपापडी, कंद, रताळी मसाला लावून, पाणी न घालता मडक्यात भरतात, तोंड पाल्याने बंद करून मडके उपडे ठेवतात आणि भोवती जाळ करतात. सुरतेच्या उंधियुंचे नावही या उपड्या मडक्यावरूनच पडले. रायगड जिल्ह्यातील पोपटी तिची सख्खी बहीण. वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी भांबुर्ड्याच्या पाल्यात आपल्याच वाफेवर शिजतात. कलकत्त्याच्या इंदुमाधव मल्लिकांनी १९१० साली इकमिक कुकर काढला. खाली कोळसे, वर एकावर एक डबे, आणि माणूस आपल्या कामाला मोकळा. विजेच्या स्लो कुकरचा जनक अमेरिकेतील अर्व्हिंग नॅक्सन. त्याच्या आजीच्या गावी, विल्ना येथे, यहुदी बायका शब्बाथच्या आदल्या संध्याकाळी कडधान्य-मांसाची भांडी भटाऱ्याच्या निवत जाणाऱ्या भट्टीत ठेवीत आणि दुसऱ्या दिवशी काढीत, ही आठवण त्याने आईकडून ऐकली होती. त्याला १९४० साली पेटंट मिळाले, आणि १९७१ पासून हे भांडे क्रॉक-पॉट या नावाने तेथील घराघरांत गेले. म्हणजे त्या यंत्रातही एका आजीचा विस्तवच धुमसतो आहे.

आता कृती सांगते. एक किलो बरगड्या दोन-दोन हाडांच्या तुकड्यांत तोडून घ्याव्या. आतल्या अंगाला चिकटलेला पातळ पापुद्रा सुरीच्या टोकाने उचलून ओढून काढावा. तो शिजत नाही आणि मसाला आत जाऊ देत नाही. आठदहा सुक्या बेडगी मिरच्या, एक गड्डा लसूण, दोन पेरे आले, एक चमचा जिरे, दहाबारा मिरी, चार लवंगा, दालचिनीचा बोटभर तुकडा आणि अर्धा चमचा हळद हे सर्व तीन मोठे चमचे सरक्यात वाटावे. वसईला ताडीचा सरका घेतात. आम्ही नवसारीकडचा उसाचा सरका वापरतो आणि तो उत्तम लागतो. मीठ आणि सुपारीएवढा गूळ घालून हे वाटण बरगड्यांना चोळावे आणि रात्रभर फ्रीजमध्ये मुरू द्यावे.

सकाळी तव्यावर थोड्या तेलात तुकडे दोन्ही बाजूंनी तांबूस परतावे. ही पायरी गाळू नये, कारण स्लो कुकरमध्ये खमंगपणा येत नाही, तो तव्यावरच मिळवावा लागतो. भांड्याच्या तळाशी दोन कांदे उभे चिरून पसरावे, त्यावर बरगड्या रचाव्या आणि अर्धी वाटी गरम पाणी घालावे. अधिक नको. झाकणाखालची वाफ बाहेर जात नसल्यामुळे रस वाढतच जातो. मंद खुणेवर सात ते आठ तास, किंवा तेज खुणेवर सुमारे चार तास ठेवावे. झाकण उचलू नये. दर वेळी उचलले की गेलेली उष्णता परत यायला वीस-पंचवीस मिनिटे लागतात. शेवटी वर आलेली चरबी काढून टाकावी, रस कढईत आटवून दाट करावा आणि बरगड्यांवर ओतावा. बकऱ्याचा सीना किंवा चाप याच रीतीने पाचसहा तासांत होतो. यंत्र नसेल तर जाड बुडाच्या पातेल्याचे झाकण कणकेने लिंपून, खाली तवा ठेवून, अगदी बारीक गॅसवर तीन तास ठेवावे.

काही सावधगिरी अवश्य पाळावी. डुकराच्या मांसातून पट्टकृमीचा उपद्रव होऊ शकतो, म्हणून ते कच्चे राहता कामा नये. बर्फात गोठलेले मांस तसेच कुकरमध्ये घालू नये, ते फार वेळ कोमट राहून बिघडते. आधी फ्रीजमध्ये पूर्ण सुटू द्यावे. मध्ये बराच वेळ वीज गेली तर मांस साध्या पातेल्यात काढून गॅसवर चढवावे. शाकाहारी भगिनींसाठीही एक सूचना. राजमा भिजवून थेट स्लो कुकरमध्ये शिजवू नये. त्यातले विषारी द्रव्य मंद आचेने नष्ट होत नाही, म्हणून भिजवलेले पाणी टाकून तो आधी ताज्या पाण्यात दहा मिनिटे खळखळून उकळावा. विजेचा खर्च मात्र थोडा. दोनशे-अडीचशे वॅटचे भांडे आठ तासांत दोन युनिटांहून अधिक घेत नाही.

समोरच्या गुजराती बहेन कट्टर शाकाहारी. मी अगोदरच त्यांना सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "खिडकी तेवढी लावून घ्या, बहेन." तव्यावरचे काम मी खिडकी लावून मावशींच्याच घरी केले. पुढचे आठ तास झाकणाने वास आपल्याजवळच ठेवला.

संध्याकाळी ताट घेऊन गेले. मावशींनी डाव्या हाताने हाड उचलले, तो मांस आपोआप ताटात उतरले. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात ठेवला. मी रुमालाकडे पाहत होते. रुमाल मांडीवर घडीचा घडी राहिला. मग त्यांनी दुसरा घास घेतला आणि मिटल्या डोळ्यांनी म्हणाल्या, "बाय, मीठ जरा कमी पडलंय."

चाळीस वर्षांत त्यांनी माझ्या हातच्या अन्नाला कधी नाव ठेवले नव्हते. ताटात दिलेले परक्या माणसाने मुकाट्याने जेवावे तशा त्या या दोन वर्षांत जेवत होत्या. त्या दिवशी त्यांनी खोट काढली आणि मला वाटले, आपल्या घरात आपल्या हक्काचे जेवण त्या पुन्हा जेवल्या. आता यंत्राची जागा गॅलरीतल्या टेबलावर कायमची झाली आहे, आणि मीठ मी पाऊण चमचा वाढवले आहे.